पाच कुलपं आणि एक म्हैस

मला गप्प बसता येत नाही. डी.एड.च्या दोन वर्षांत माझ्या पाठाच्या वहीत आमच्या मॅडमनी लाल शाईनं सगळ्यांत जास्त वेळा लिहिलेला शेरा म्हणजे, ‘विद्यार्थ्यांना विचार करण्यास वेळ दिला नाही.’ पहिल्या वर्षी तो असा पूर्ण वाक्यात असायचा. दुसऱ्या वर्षी त्या नुसतं ‘वेळ’ एवढंच लिहून सही करायला लागल्या.

त्यांचं काही खोटं नव्हतं. मी फळ्यावर गणित घालायची, वर्गाकडं वळून "सांगा बरं" म्हणायची, आणि कुणाचा हात वर जायच्या आत उत्तर माझ्याच तोंडातून बाहेर पडायचं. समोरचं पोर चुकीच्या वाटेला लागलं की मला राहवत नाही. नेसरीकडच्या आमच्या घरात सगळेच तसले. एकानं अंगणात गाडी लावायला घेतली की तिघं जण बाजूला उभे राहून ती कशी लावायची ते सांगत असतात, आणि तिघांचं तीन तऱ्हेचं असतं. अशा घरातली मुलगी शिक्षिका होणार म्हटल्यावर सगळ्यांना वाटलं, चला, पोरीचा स्वभाव कामाला आला. मलाही तसंच वाटत होतं.

शेवटच्या सत्रात आम्हाला शाळांवर जाऊन शिकवायचं असतं आणि प्रत्येक गटाला स्वतःचा एक उपक्रम करावा लागतो. बहुतेक गट पानांचा संग्रह किंवा कागदी फुलं करतात. आमचा गट तिघांचा होता. मी, खोलीवरची माझी चंदगडची मैत्रीण, आणि कोल्हापुरातच, गंगावेशीत राहणारा एक मुलगा, ज्याच्या मामाचं हार्डवेअरचं दुकान आहे. तो कुणाच्या तरी वाढदिवसाला पुण्याला जाऊन आला होता आणि आल्यापासून त्याच्या डोक्यात एकच खूळ होतं.

"तिथं एक जागा हाय," तो कँटीनमध्ये सांगायला लागला. "आपुन पैसे भरायचे, मग ते आपल्याला खोलीत कोंडत्यात. आत कोडी असत्यात. सगळी सुटली की बाहेर."

"पैसे भरून कोंडून घेतलास?" मैत्रीण म्हणाली. "आमच्या आईला सांगायचं होतंस. ती फुकटात कोंडायची."

"अगं पण मज्जा येती की. आणि पोरांस्नी तर लईच येईल."

ते मात्र पटलं. त्याच्या मामाच्या दुकानात आकडे फिरवून उघडायची पाच कुलपं पडून होती. माझी वसतिगृहातली पत्र्याची ट्रंक रिकामी केली, तिच्याभोवती साखळी गुंडाळली आणि साखळीला पाचही कुलपं लावली. गोष्ट अशी रचली की शाळेची घंटा वाजवायचा दांडा कुणीतरी या ट्रंकेत कोंडून ठेवलाय. चाळीस मिनिटांत पाच कोडी सोडवून तो बाहेर काढायचा, नाहीतर आज घंटा होणार नाही आणि घंटा झाली नाही तर शाळा सुटणार नाही. शेवटचं वाक्य माझं होतं. चौथीच्या वर्गावर त्याचा काय परिणाम होतो ते बघण्यासारखं होतं.

कोडी आम्ही वाटून घेतली. मैत्रिणीनं आरशात धरून वाचायची चिठ्ठी आणि वर्गाचा नकाशा केला. मुलानं तराजूचं कोडं आणि एसटीच्या वेळापत्रकाचं कोडं केलं. पाचवं, गुणाकाराचं, माझ्याकडं आलं आणि मी ते पाच मिनिटांत लिहून मोकळी झाले. ‘एक म्हैस सकाळी ४ लिटर आणि संध्याकाळी ३ लिटर दूध देते. तर दहा दिवसांत डेअरीला किती लिटर दूध जाईल?’ उत्तर सत्तर. कुलपाला तीन आकडे लागतात म्हणून ०७०.

दाराला कडी लावायची नाही, ही मॅडमची पहिली अट होती. त्यामुळं दार आम्ही नुसतं लोटून घ्यायचो. गंमत म्हणजे एकाही शाळेत एकाही पोरानं ते उघडून बघितलं नाही. एकदा एका मुलीची आई विसरलेला डबा घेऊन आली आणि दार ढकलायला लागली, तर आतून पोरांनी ओरडून सांगितलं, "काकू, आत येऊ नका, आमाला कोंडलंय." ती बिचारी डबा उंबऱ्यावर ठेवून पळत गुरुजींकडं गेली.

खेळ सुरू असताना आमच्यातल्या एकानं आत बसायचं, लक्ष ठेवायचं आणि एक अक्षर बोलायचं नाही, असा नियम होता. मैत्रीण बसली की भिंतीसारखी बसायची. मुलगा बसला की मोबाइल बघत बसायचा, पण गप्प असायचा. माझी पाळी आली की सगळा विचका. पहिल्या शाळेत सहाव्या मिनिटाला मी "अरे, आरसा धर की आरसा," म्हणून ओरडले. दुसऱ्या शाळेत कुलूप घट्ट बसलं होतं म्हणून नुसतं हलवून द्यायला उठले आणि उघडूनच दिलं. वर्गातल्या एका मुलीनं माझ्याकडं जे बघितलं ते मी विसरले नाही. तिच्या हातात आकडा तयार होता.

मैत्रिणीनं उपाय काढला. "तोंडात पाणी धरून बस," म्हणाली. "थुकता येत न्हाय, बोलताबी येत न्हाय." तिसऱ्या शाळेत मी वाटीभर पाणी तोंडात धरून बसले. अकरा मिनिटं निभावलं. मग एका मुलानं नकाशा उलटा धरून ठामपणे सांगितलं की शाळेचा संडास सूर्य उगवतो तिकडं आहे, आणि मला हसू फुटलं. ते सगळं पाणी पुढच्या बाकावरच्या दोघांच्या अंगावर गेलं. मॅडम नेमक्या दारात होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. रागावल्या नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. त्यांच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते, आणि आपल्या हाताखालून गेलेल्या प्रत्येकाच्या वर्गात त्या मनानं बसलेल्या असतात असं आम्ही म्हणायचो.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "तू हुशार आहेस, मेहनती आहेस, पण तुझ्या वर्गात मुलांना काही कामच उरत नाही. अशा शेऱ्यांवर मी तुला पास करू शकत नाही. पुढच्या शाळेत आत तूच बसायचंस, पूर्ण चाळीस मिनिटं. मी मागं बसते. एक शब्द जरी बोललीस तर पुढच्या वर्षीच्या मुलींबरोबर हे सत्र पुन्हा पहिल्यापासून करायचं."

"पाणी चालेल का मॅडम?"

"मला तुझं गप्प बसणं बघायचंय, गुळण्या नाही."

त्या रात्री मी धड जेवले नाही. वर्ष जाईल हे तर होतंच. घरी काय सांगायचं हेही होतं. पण खरं सांगायचं तर माझ्या मनात दुसरीच धास्ती होती. मॅडमचं बरोबर असेल, मला हे काम येतच नसेल आणि मी उगीच सांगायच्या हौसेपायी या वाटेला आले असेन, असं पहिल्यांदाच वाटलं.

ती शाळा जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला असलेल्या एका गावात होती. चार वर्ग, दोन गुरुजी, व्हरांड्यात टांगलेला रुळाचा तुकडा हीच घंटा. चौथीत बावीस मुलं. निम्म्यांच्या कॉलरीवर न निघालेला गुलाल. मैत्रिणीनं घंटेचा लोखंडी दांडा ट्रंकेत ठेवला, कुलपं लावली, गोष्ट सांगितली, आणि ती दोघं बाहेर जाऊन खिडकीच्या गजांना नाक लावून उभी राहिली. आत मी भिंतीला टेकून बसले. मॅडम मागच्या बाकावर, मांडीवर माझी वही आणि हातात लाल पेन.

पहिली चार कुलपं पोरांनी बावीस मिनिटांत उघडली. एसटीच्या वेळापत्रकाचं कोडं तर त्यांनी गणित न करताच सोडवलं, कारण कोड्यातली गाडी त्यांच्याच गावावरून जाणारी होती, ती रोज किती उशिरा येते ते त्यांना पाठ होतं आणि कागदावरही नेमका तेवढाच उशीर लिहिलेला होता. मी हात मांडीखाली घालून बसले होते. मनात म्हटलं, आता माझं गणित, सगळ्यांत सोपं. दोन मिनिटांत सुटतोय आपण सगळे.

लाल रिबिनी लावलेल्या एका मुलीनं कागद मोठ्यानं वाचला. वाचून झाल्यावर सगळे कागदावर वाकले. मग एक ढगळ शर्टातला मुलगा म्हणाला, "घरात किती माणसं हायत ते कुठं लिवलंय?"

"न्हाय लिवलेलं," रिबिनवाली म्हणाली.

"मग कसं काढायचं? आमच्यात दीड लिटर घरात ऱ्हातंय. आज्जीला ताक लागतंय."

"आमच्यात लिटर."

"आमच्यात आत्त्या आली की दोन."

मला काही समजेना. सात गुणिले दहा, एवढंच तर होतं. कोल्हापुरातल्या तिन्ही शाळांत पोरांनी कागद बघितला की कुलूप उघडलं होतं. इथं बावीस जण ट्रंकेभोवती बसून, न दिसणाऱ्या एका घरात किती माणसं असतील यावर भांडायला लागले. शेवटी आई, बाप, दोन पोरं आणि एक आज्जी असं कुटुंब ठरलं. रोज एक लिटर घरात. सातातला एक गेला, उरले सहा, सहा दाही साठ. त्यांनी मोठ्या विश्वासानं ०६० लावलं.

कुलूप उघडलं नाही.

"पावणं आलं असतील," कुणीतरी म्हणालं. त्यावर एक दिवस पाहुण्यांचा धरून ०५९ लावलं, मग जेवायला थांबले असतील म्हणून ०५८. घड्याळात नऊ मिनिटं राहिली होती. माझ्या जिभेवर सत्तर हा आकडा नुसता नाचत होता. मी दात दातांवर दाबून धरले. खिडकीतून मैत्रीण माझ्याकडं डोळे वटारून बघत होती.

तेवढ्यात मागून एक बारकी मुलगी म्हणाली, "आणि रेडकाला न्हाय व्हय पाजायचं?"

"रेडकू पिऊनच मग धार काढत्यात, खुळे," ढगळ शर्टवाला म्हणाला.

"एक सड ठेवत्यात त्याच्यासाठी. आमची आई ठेवती."

आमची आई पण ठेवते, चारातलं एक आचळ न पिळता रेडकासाठी. ते ऐकलं आणि माझ्या जिभेवरचं सत्तर तिथंच विरलं. आमच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत. शाळेत जायच्या वयापासून किटली घेऊन मी डेअरीवर गेले आहे. धार काढून आई आत आली की ती आधी चुलीशेजारच्या पातेल्यात दूध ओतायची आणि उरलेली किटली माझ्या हातात द्यायची. एका दिवसासाठीसुद्धा सगळं दूध डेअरीला गेलेलं मी बघितलेलं नाही. आणि गणित लिहायला बसले तेव्हा ते पातेलं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. लहानपणापासून पुस्तकातल्या म्हशींची गणितं सोडवून मी तसलीच एक म्हैस तयार केली होती, जिला ना रेडकू, ना घर.

मला मनापासून लाज वाटली. आणि गंमत अशी की सांगायची घाईच उरली नाही. मी पुढं सरकून ऐकायला लागले.

चार मिनिटं उरली तेव्हा ढगळ शर्टवाल्यानं कुलूपच बिघडलंय असं जाहीर केलं. दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण शाळा सुटणार नाही हे त्यांनी खरंच धरलं होतं. त्याच वेळी मागच्या बाकावर हालचाल झाली. मॅडम उठून पुढं झुकल्या होत्या. त्यांचा जन्म कोल्हापूर शहरातला, घरी दूध पिशवीतून येणारं. पोरं वाहवत चालली आहेत हे त्यांना बघवेना.

"अरे मुलांनो, किती सोपं आहे, सगळंच दू—"

मी वळले आणि ओठांवर बोट ठेवलं. नुसतं ठेवलं नाही, दुसरा हात पुढं करून त्यांना बसायची खूण केली, गडबड करणाऱ्या बाकाला करतात तशी. मॅडम खाली बसल्या. आपण काय केलं ते मला त्या बसल्यावर कळलं.

पोरांचं आमच्याकडं लक्षच नव्हतं. रिबिनवाली पुन्हा कागद निरखत होती, पण आता मजकूर न वाचता अक्षर बघत होती. "हे कुणी लिवलंय?" तिनं विचारलं.

"त्या बाईंनी," एकानं माझ्याकडं बोट केलं. मैत्रीण गोष्ट सांगत होती तेव्हा खेळाचे नियम फळ्यावर मी लिहिले होते, ते अक्षर त्यांनी बघितलं होतं.

"बाई कुठल्या?"

"कोल्हापुरातनं आल्यात."

तिनं कागदाची घडी घातली. मग शांतपणे, कुणाची कीव करावी तशा आवाजात म्हणाली, "मग त्यास्नी काय म्हाईत? त्यांच्याकडं कुठं म्हस असती. त्यास्नी वाटतंय, निघालं तेवढं सगळं दूध डेअरीलाच घालत्यात. सात दाही सत्तर लाव."

०७० लावलं. कुलूप उघडलं, साखळी खाली पडली. एकजण दांडा घेऊन दारातून जो सुटला तो थेट रुळाच्या तुकड्यापाशी, आणि बाकीचे एकवीस त्याच्यामागं. त्यानं जिवाच्या आकांतानं घंटा बडवली. शाळा सुटायला अजून अर्धा तास होता. पण पहिली ते तिसरीला ते कुणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळं तीनही वर्ग दप्तरं पाठीला लावून वाऱ्यासारखे फाटकाबाहेर पडले. एक गुरुजी हातात खडू तसाच घेऊन "अरे थांबा, अजून सुटली न्हाय," करत रस्त्यापर्यंत धावले. पहिलीतलं एक पोर तेवढं परत आलं, तेही पाण्याची बाटली विसरली म्हणून.

मी ट्रंक आवरत होते तेव्हा रिबिनवाली शेजारी येऊन उभी राहिली. "बाई, तुमच्यात म्हस न्हाय न्हवं?"

"हाय की. दोन."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "आणि घरात दूध ठेवत न्हाईसा?"

"ठेवतो की. लिहायचं विसरले मी."

"विसरलासा?" ती म्हणाली, आणि एवढी मोठी बाई असं कसं विसरते या विचारात तिनं साखळी गोळा करून माझ्या हातात दिली.

सगळे गेल्यावर मॅडमनी मला समोरच्या बाकावर बसायला सांगितलं. वही उघडीच होती. "चाळीस मिनिटं तू बोलली नाहीस," त्या म्हणाल्या. "आणि मला गप्प बसवलंस. ते वहीत लिहू का?"

मी खाली मान घालून माफी मागितली.

"माफी राहू दे. एवढं जमलं कसं ते सांग. पाणी नव्हतं ना तोंडात?"

खोटं बोलले असते तर चाललं असतं. ठरवून केलं मॅडम, मन घट्ट केलं, असं म्हटलं असतं तर त्यांनी आनंदानं सही केली असती. पण मला ते सांगवेना. "मी काही धीर धरला नाही मॅडम," मी म्हणाले. "आधी नुसती दात दाबून बसले होते, कधीही बोलले असते. मग त्या पोरीनं रेडकाचं काढलं आणि माझ्या लक्षात आलं की त्यांचं बरोबर आहे, गणितच माझं चुकलंय. मग सांगायला माझ्याकडं काही नव्हतंच. पुढं काय म्हणतात ते ऐकावंसं वाटलं, म्हणून गप्प राहिले. तुम्ही बोलायला लागला तर ते ऐकायचं राहिलं असतं."

एवढं बोलून मी शेऱ्याची वाट बघत बसले. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, थांबल्या, आणि विचारलं, "रेडकाला खरंच एक सड ठेवतात?"

"हो."

"मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी लिहिलं आणि वही माझ्याकडं फिरवली. ‘पाठ उत्तम. प्रश्न चुकीचा. दुरुस्त करावा.’ खाली सही होती. ती सही मी किती वेळ बघत बसले ते खिडकीतल्या दोघांना विचारा. गटातला मुलगा नंतर कितीतरी दिवस माझी नक्कल करून दाखवायचा.

मॅडम त्यांच्या स्कूटरवरून गेल्या. आम्ही तिघं ट्रंक मधे ठेवून फाट्यावर बसची वाट बघत उभे राहिलो. पुढची शाळा दोन दिवसांवर होती आणि त्याआधी प्रश्न दुरुस्त करायचा होता. घरात रोज किती दूध ठेवतात हा आकडा त्यात घालायचा, एवढंच. मी आईला फोन लावला.

"आई, आपल्यात रोज घरात किती दूध ठेवतीस?"

"का गं?"

"गणितात घालायचंय."

"गणितात आपली म्हस कशाला?" ती म्हणाली, पण सांगितलं. "आता अर्धा लिटर. तू हुतीस तवा लिटर ठेवत हुते."

किटली मी पोचवायची, पण पातेल्यातलं निम्मं माझ्या नावाचं होतं, हे मला एकोणीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. आई पुढं बोलतच होती. थोरली म्हैस आटत चालली होती, रेडकानं दावं तोडलं होतं, डेअरीतल्या माणसाशी तिचं काहीतरी बिनसलं होतं. एरवी मी दुसऱ्या वाक्याला तिला थांबवून, असं कर, तसं कर, म्हणून सांगायला लागले असते. बस आली, मैत्रीण आणि मुलगा ट्रंक चढवून आत गेले, मीही त्यांच्यामागं चढले आणि खिडकीशी बसले. आता वही घेऊन बघायला मागं कुणी नव्हतं. कोल्हापूर येईपर्यंत आई बोलत राहिली आणि मी फोन कानाला घट्ट धरून ऐकत राहिले.